विहिरीवर दिलेलं नाव

सोहन,

तू गेल्याचं मला पेट्रोल पंपावर कळलं. धुळ्याहून आलेला एक ओळखीचा ड्रायव्हर चाकात हवा भरता भरता म्हणाला, "काशिनाथभाऊ, तुमचा तो मारवाडी दोस्त गेला ना. झोपेतच गेला म्हणे." मागच्या सीटवर साहेब बसले होते, त्यांना भुसावळला मीटिंगला पोचायचं होतं. मी जीप सुरू केली. दिवसभर गाडी हाकली, साहेबांच्या पिशव्या उचलल्या, विचारलं त्याची उत्तरं दिली. सरकारी गाडीच्या ड्रायव्हरला रस्त्याच्या कडेला गाडी लावून रडता येत नाही.

रजा मिळाल्यावर धुळ्याला आलो. तुझ्या दुकानापुढे सतरंज्या अंथरल्या होत्या. मी कडेला बसलो. कुणी तुझ्या सचोटीबद्दल बोललं, कुणी तू गोशाळेला दिलेल्या चाऱ्याबद्दल. मला वाटलं, दुसऱ्याच कुणाच्या तरी बैठकीला येऊन बसलोय. गादीवर पांढऱ्या कपड्यांत बसणारा तो माणूस त्यांचा होता. माझा सोहन बनियनवर गाडीखाली उताणा पडलेला असायचा, आणि त्याच्या कपाळावर ऑइलचा डाग असायचा. त्याच्याबद्दल तिथे कुणी काही बोललं नाही. मीही बोललो नाही. मला कुणी विचारलं नाही म्हणून म्हण, किंवा विचारतील या भीतीने म्हण.

शाळेत तू माझ्याशेजारी येऊन बसलास तो दिवस तुला आठवत नव्हता. मी सांगायचो तेव्हा म्हणायचास, "खिडकीची जागा होती रे, म्हणून बसलो." असेल तसंही. पण माझ्याशेजारची ती जागा बरेच दिवस रिकामी होती, आणि खिडकी काही त्या दिवशी नवीन बसवली नव्हती. पुढे तुझ्या बाबूजींच्या मागे लागून तू तो जुना ट्रक घेतलास, लिलावात निघालेला, आपल्या वयाचा असावा असा. घरच्यांना वाटलं, दुकानाचा माल वाहील. तुला फक्त दुकानातून बाहेर पडायचं होतं. आणि गाडीची चावी तू माझ्या हातात दिलीस. जळगावात लायसन काढून मी कितीतरी दारं ठोठावली होती. आडनाव ऐकल्यावर मालक म्हणायचे, "कळवतो." तू आडनाव विचारलं नाहीस, कारण तुला ते शाळेतल्या हजेरीपासून पाठ होतं. या उपकाराबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही. ते आभार राहिलेच, आणि भांडण मात्र आपण इतकी वर्षं न चुकता केलं.

ते भांडण ज्या दिवसाचं, तो दिवस पुन्हा सांगतो. तू गाडीखाली होतास, सगळं तुला दिसलं नव्हतं.

चैत्र संपत आला होता. भडगावहून सरकीची पोती भरून आपण धुळ्याच्या तेलगिरणीकडे निघालो होतो. पारोळा मागे पडलं आणि केबिनमध्ये गरम वाफेचा, गंजाचा वास आला. आपल्या गाडीचा उष्णतेचा काटा केव्हाच मेला होता. त्यामुळे नाक हाच आपला काटा. तू ओरडलास, "थांब!" मी थांबवली. इंजिनाच्या पोटातून पाण्याची धार रस्त्यावर पडत होती आणि पडल्या पडल्या सुकत होती.

मी रेडिएटरचं झाकण उघडायला हात पुढे केला, तर तू माझं मनगट धरलंस. "तोंड भाजून घेशील. थांब जरा." बॉनेट उघडून तू वाकून वाकून पाहिलंस आणि हसलास. संकट सापडलं की तुला हसू यायचं. इंजिनाच्या बाजूला पत्र्याच्या लहान वाट्या ठोकलेल्या असतात, आतलं पाणी अडवायला. त्यातली एक गंजून फुटली होती, नेमकी सायलेन्सरच्या नळीमागची. तिथे हात जायला जागा नव्हती, आणि नवी वाटी धुळ्याशिवाय मिळणार नव्हती. डब्यातलं होतं नव्हतं ते पाणी आपण गाडी थंड झाल्यावर ओतलं. ते भोकातून निघून गेलं. लांब एक गाव दिसत होतं. फाट्यावरून आत वळलो आणि थांबत थांबत, इंजिन निववत, गावाच्या विहिरीजवळच्या निंबाखाली गाडी आणली. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. तुला माहीत आहे.

विहिरीवर एक म्हातारी होती. मी डबा घेऊन पुढे झालो, कारण पाणी आणणं हे माझं काम आणि इंजिन हे तुझं. मी दोराला हात लावायच्या आत तिने विचारलं, "कोन शेतस रे तुम्हीं?"

मी तोंड उघडलं होतं, सोहन. काय सांगणार होतो ते मला आज आठवत नाही, पण उघडलं होतं. तेवढ्यात मागून तुझा आवाज आला. "माय, मी धुळ्यातल्या मारवाड्याचा मुलगा. हा माझा ड्रायव्हर, काशिनाथ पाटील."

इतक्या सहज म्हणालास. पाना मागावा तसं.

"मंग काढ ना पानी, पाटील," म्हातारी म्हणाली आणि बाजूला सरकली. दोर माझ्या हातात आला.

भोक बुजवायचं कसं, यावर तूच तोडगा काढलास. लाकडाची निमुळती खुंटी ठोकायची, भिजली की फुगून घट्ट बसेल. म्हातारी म्हणाली, "मना पोऱ्या सुतार शे." तो तिचा मुलगा आप्पा. विहिरीसमोरच त्यांचं घर. आप्पाने बाभळीचा वाळका तुकडा काढला, तुझ्याकडून भोकाचं माप घेतलं आणि तासायला बसला. पहिली खुंटी जाड झाली, दुसरी बारीक. तिसरी मापाची निघाली, पण तू ठोकायला गेलास आणि तापलेल्या नळीला हात लागून कोपरापर्यंत भाजलास. म्हातारीने घरातून तूप आणून लावलं. मग इंजिन पुरतं निवेपर्यंत थांबणं भाग होतं. ऊन डोक्यावर आलं. "आते जेवीसनच जा," म्हणून तिने आपल्याला ओसरीवर बसवलं.

तू भाजलेला हात मांडीवर ठेवून डाव्या हाताने जेवत होतास आणि आप्पाशी लाकडाच्या जातींबद्दल बोलत होतास. माझ्यापुढे भाकरी, ठेचा आणि कांदा. त्यांच्या घरची थाळी, त्यांच्या घरचा तांब्या. म्हातारी माझ्यासमोर बसली.

"कोठला पाटील तू?"

मी भडगावकडचं एक गाव सांगितलं.

"मामा कोन गावना?"

मी दुसरं गाव सांगितलं.

"लगीन व्हयनं का?"

"नाही."

तिचे डोळे चमकले. "आमना गावना पाटीलनी भाची शे. कामले वाघीण शे पोर. थांब, पाटीलले निरोप धाडस. तो ईसन भेटी तुले."

मी तुझ्याकडे पाहिलं. तू हसलास! तुला ती गंमत वाटली. मी हातातली भाकरी थाळीत ठेवली. पाटील आला तर तो कूळ विचारील, देवक विचारील, कुणाची तरी ओळख काढील. उठून जावं तर गाडीचं भोक उघडं. तिथेच बसावं तर निरोप गेलेला. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठलो. तू पुन्हा गाडीखाली शिरलास आणि हातोडीचे ठोके सुरू झाले.

मी पुन्हा विहिरीवर. इंजिन भरायला बरंच पाणी लागणार होतं. उन्हाळ्याची विहीर, पाणी खोल गेलेलं, दोर संपता संपत नव्हता. पहिली बादली वर आली तेव्हा मला विहिरीपासून लांब, उन्हात उभा असलेला एक माणूस दिसला. पायाशी दोन रिकाम्या घागरी. कुणीतरी येईल आणि ओतील म्हणून वाट बघत उभा. त्याने मान वर केली आणि मी त्याला ओळखलं. नशिराबादला माझ्या मावसबहिणीच्या लग्नात तो माझ्या पंगतीला होता. माझ्या वडिलांचं नाव घेऊन त्याने माझी चौकशी केली होती.

त्यानेही मला ओळखलं. आधी दोराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग ओसरीवरच्या म्हातारीकडे.

म्हातारीने ओसरीवरूनच हाक दिली, "पाटील, त्याना घागरमा बी वती दे. उनमा उभा शे बिचारा. वरथीन वत."

तिने ते चांगुलपणाने सांगितलं. खरंच चांगुलपणाने. ते मला कधीच विसरता आलं नाही.

तो पुढे आला. घागर जमिनीवर ठेवून दोन पावलं मागे सरला, रोज सरत असेल तसा. मी बादली उचलली आणि वरून ओतली. निम्मं पाणी मातीत गेलं. दुसरी घागर भरली. त्याने त्या उचलल्या, आणि म्हातारीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "उपकार व्हयनात, पाटील."

आणि गेला. जाता जाता मला सांभाळून घेतलं त्याने. एक शब्द बोलला असता तर त्या विहिरीवर माझं काय झालं असतं ते तुला कधी नीट दिसलं नाही, सोहन. त्याला क्षणात दिसलं.

खुंटी बसली. तू फडक्याने हात पुसत बाहेर आलास. आपण पाणी भरलं, इंजिन सुरू केलं. थेंब थेंब झिरपलं, मग थांबलं. तू लहान मुलासारखा नाचलास. आप्पाच्या पाठीवर थाप मारलीस. म्हातारी म्हणत होती, "पाटील येईच ऱ्हायना, थांबा ना." मी गिअर टाकला.

फाट्याच्या पुढे मी गाडी थांबवली.

"तू मला पाटील का केलंस?"

तू गोंधळलास. "पाणी हवं होतं, काशी."

"गाडीला हवं होतं. मला नको होतं."

"खरं सांगितलं असतं तर दिलं असतं त्यांनी?"

"मला नसतं दिलं, तुला दिलं असतं. तू पाणी शेंदलं असतंस, मी गाडीखाली शिरलो असतो. खुंटी मलाही ठोकता येते."

 तू म्हणालास, "माझ्या डोक्यातच नाही आलं." आणि लगेच, स्वतःवरचा राग माझ्यावर काढत, "पण तू तरी का गप्प बसलास? तुला तोंड नव्हतं?"

हा प्रश्न तू पुढे कितीदा विचारलास. धुळ्याच्या अड्ड्यावर विचारलास, जळगावच्या स्टेशनबाहेर विचारलास. मी दर वेळी काहीतरी तोडून बोललो. पुरतं उत्तर आज लिहितो. तू 'पाटील' म्हणालास त्या क्षणी माझी मागे फिरायची वाट बंद झाली. त्यानंतर मी खरं सांगितलं असतं, तर खोटं बोलून विहिरीला हात लावणारा मी ठरलो असतो. खोटं तुझं होतं, मार मला बसला असता. तुला त्यांनी गाडीत बसवून धुळ्याला पाठवलं असतं. तू मला बाहेर काढायला म्हणून जे दार उघडलंस, त्याच्या आत गेल्यावर बाहेरून कडी लागते. बस, एवढंच उत्तर होतं. ते मला तेव्हा शब्दांत सापडत नव्हतं.

विहिरीवरच्या त्या माणसाबद्दल मी तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला पुन्हा ती बादली उचलावी लागली असती.

मग ट्रक विकला गेला. बाबूजींना अर्धांगवायू झाला आणि तू गादीवर बसलास. मला जळगावात सरकारी जीप मिळाली. धुळ्याला आलो की मी तुझ्या दुकानासमोर उभा राहायचो, आणि मला पाहताच तू गादीवरून उठायचास. गिऱ्हाईक असो, पाहुणे असोत, तू उठायचास. चपला घालून रस्त्यावर यायचास आणि म्हणायचास, "चल, बाहेर चहा पिऊ." प्रत्येक वेळी बाहेर. तुझ्या घरात वर जाणारा जिना मी कधी चढलो नाही. तू कधी बोलावलं नाहीस, मी कधी विचारलं नाही. मला त्याचा राग यायचा, आणि तू काम टाकून खाली आलास याने तो रागही जागेवर राहायचा नाही. तुझे हात गोरे होत चालले होते. टपरीवर बसलं की रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकचा आवाज ऐकून तू म्हणायचास, "याचा पंप जाणार." मग दुकानाकडे बघायचास, घंटा वाजायची वाट बघणाऱ्या पोरासारखा. तुलाही कुठे सुटका होती?

गेल्या हिवाळ्यात अशाच एका चहावर तू पुन्हा तोच प्रश्न काढलास आणि मी तुला सांगून टाकलं. दोन घागरी, वरून ओतलेलं पाणी, त्याचं ते "उपकार व्हयनात". तू कप खाली ठेवलास. चहा तसाच राहिला. तू उठून गेलास.

त्यानंतर तू एकदम जळगावला आलास, माझ्या ऑफिसच्या फाटकापाशी. धुळीने भरलेला. म्हणालास, "काशी, मी जाऊन आलो तिथे. सांगून आलो."

"काय सांगून आलास?"

"तू पाटील नव्हतास ते. आडनाव सांगितलं. मी खोटं बोललो होतो, तुझा दोष नाही, असं म्हणालो. म्हातारी आहे अजून. आप्पा उठून घरात निघून गेला. मी ओसरीवर बसून राहिलो, किती तरी वेळ. मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही, काशी. मग बस आली."

तुझ्या तोंडावर काहीतरी मोठं करून आल्याचं समाधान होतं, आणि पाणी न मिळाल्याचं दुःखही होतं. माझं डोकं फिरलं. मी फाटकात उभा राहून ओरडलो, "तुला कुणी सांगितलं होतं जायला? तेव्हा मला न विचारता माझं नाव बदललंस, आता मला न विचारता सांगून आलास! माझं नाव आहे ते, सोहन. मला का नाही नेलंस बरोबर?"

तू म्हणालास, "नेलं असतं, तर आला असतास?"

तेवढ्यात साहेबांची घंटा वाजली. मी म्हणालो, "पुढच्या वेळी बोलू." तू मान हलवलीस. ती आपली शेवटची भेट.

आता पुढचं ऐक. हे तुला माहीत नाही.

तुझ्या बैठकीवरून उठलो आणि बसस्टँडवर जळगावच्या गाडीत बसलो. फाटा आला तसा मी कंडक्टरला गाडी थांबवायला सांगितली. का, ते मला माहीत नाही. फाटकात तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बघायचं असेल. गावापर्यंत चालत गेलो. आप्पा अंगणात पाट तासत बसला होता. केस पांढरे झालेत. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि माझं नाव सांगितलं, पूर्ण नाव, आडनावासकट. "ट्रक घेऊन आलो होतो, खुंटी बसवायला. तो मीच."

त्याने हातातला तासायचा वाकस खाली ठेवला. "आनी तो शेठ?"

"गेला," मी म्हणालो. "वारला."

 आप्पा जमिनीकडे बघत बोलायला लागला. "त्यानी सांगं तवय माले काय बोलानं ते समजनं नई. मी घरमा गऊ. माय म्हने, बठू दे त्याले तसाच. मी घरमा उभा. मंग माले ऱ्हावायनं नई. तांब्या भरा आनि भाईर उनू, तो ओटावर नई. फाट्यालगून पयत गऊ. गाडी निंघी गयथी."

"पाणी घेऊन फाट्यापर्यंत पळत गेलात?"

"तांब्या हातमाच व्हता," तो म्हणाला. "बठ्ठा लोके, सगळं गाव देखत व्हतं."

म्हातारी या उन्हाळ्यात गेली, असं त्याने सांगितलं. मग तो उठला, आत गेला आणि तांब्या घेऊन आला. माझ्या हातात त्याला देववेना. पाट तासायच्या ओंडक्यावर, आमच्या दोघांच्या मध्ये, त्याने तो ठेवला आणि मान दुसरीकडे वळवली. मी उन्हातून चालत आलो होतो. मला तहान लागली होती. मी प्यालो.

तू असतास तर म्हणाला असतास, "बघ, दिलं ना पाणी!" मी म्हणालो असतो, "हातात नाही दिलं." तू म्हणाला असतास, "तू तरी का प्यालास मग?" आणि आपण पार पारोळ्यापर्यंत भांडत गेलो असतो.

पण एक गोष्ट तुला कळायलाच हवी होती, आणि ती माझ्याकडे उशिरा आली. तू त्या ओसरीवरून कोरडा उठलास आणि तोच सल घेऊन गेलास. सोहन, तुझ्यासाठी पाणी निघालं होतं. फाट्यापर्यंत आलं होतं.